एक्स्पोर्ट पॅकिंगमध्ये गेलेलं स्काऊट पथक

परत येऊन आठवडा झाला, तरी माझ्या पर्समधून अजून सिलिका जेलच्या पुड्या निघतायत. नवरा विचारतो, "शिबिराला गेली होतीस की कंपनीत लागली होतीस?" त्यानं आकुर्डीच्या कारखान्यात शिफ्ट करण्यात उभं आयुष्य काढलंय, त्यामुळे त्याला पुडी बघितल्याबरोबर ओळखता येते. ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही आणि ज्यांनी सातवीतली पोरं घेऊन डोंगरात आठवडा काढलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते. पुढच्या वर्षी कोणी मला "किती मजा येत असेल ना" म्हणालं, तर बोलत बसणार नाही, हेच कागद हातात ठेवीन.

पिंपरीच्या संत तुकाराम नगरातल्या शाळेत मी मराठी शिकवते. दोन वर्षांपूर्वी आमच्या खेळाच्या सरांनी गुडघ्याचं कारण सांगून स्काऊटची शिट्टी माझ्या गळ्यात घातली आणि ते सुटले. गुडघा आता ठणठणीत आहे, गणपतीच्या मिरवणुकीत मी तो नाचताना पाहिलाय. शिट्टी मात्र माझ्याकडेच राहिली.

गेल्या उन्हाळ्यात याच शिबिराला पथक नेलं आणि तिसऱ्या दिवशी परत आणलं. शौर्य नावाच्या मुलानं घरी फोन केला, "पप्पा, इथे गिझर नाहीये." त्याचे वडील बाळासाहेब म्हणजे पिंपरीतल्या जुन्या गावकीतले. कधीकाळी शेती होती, आता जागा आहेत, जेसीबी आहेत आणि एक भलीमोठी पांढरी गाडी आहे. ती गाडी दुपारीच दारात उभी. एक गेला म्हटल्यावर दुसऱ्याच्या पोटात दुखायला लागलं, तिसऱ्याचे आजोबा आजारी पडले, आणि संध्याकाळपर्यंत मैदानावर मी आणि झेंडा एवढंच उरलं.

म्हणून या वर्षी मुख्याध्यापिकाबाईंनी मला केबिनमध्ये बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं, "एक जरी मुलगा आठवडा संपायच्या आत घरी आला ना, तर आपण स्काऊटचा तास बंद करू. रोबोटिक्स सुरू करू. पालकांची मागणीच आहे तशी."

माझं एक वाईट आहे. कोणी गोड आवाजात धमकी दिली की माझं डोकं फिरतं. "सगळीच्या सगळी पोरं शेवटच्या दिवसापर्यंत राहतील," मी म्हणून बसले. केबिनच्या बाहेर आल्यावर मग घाम फुटला.

संत तुकाराम नगर

तयारीच्या पहिल्याच दिवशी मला शोध लागला की सातवीतल्या मुलांना बुटाची नाडी बांधता येत नाही. जन्मापासून वेल्क्रो. चर्रकन ओढायचं, चर्रकन चिकटवायचं. यांना मी गाठी शिकवणार कशा? तेव्हा फर्मान काढलं, शिबिराला नाडीचेच बूट घालायचे. वेल्क्रो दिसला तर पोरगं बसमध्ये चढणार नाही.

पालकांच्या ग्रुपवर गदारोळ झाला. बाळासाहेब तर स्वतः शाळेत आले. "बाई, एवढ्या उन्हाचं पोरांना कशापायी तरास देता? नाड्या बांधाया मी एक मानूस लावून देतो की."

"द्या," मी म्हटलं. "पण त्याला सातवीत बसावं लागेल."

ते हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी शौर्य नाडीचे बूट घालून आला आणि मधल्या सुट्टीत त्याच नाडीत पाय अडकून जिन्यात पडला. मी तिथल्या तिथे त्याला खाली बसवलं आणि चौरस गाठ शिकवली. त्याला ती आली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. बाकीची पोरं पुढे गेली आणि हा आपला जिभेचं टोक बाहेर काढून त्याच एका गाठीशी झटतोय.

तंबूची वेगळीच कथा. तंबूची खुंटी ठोकायला माती लागते, आणि आमच्या शहरात माती राहिलेली नाही. मैदानावर पेव्हर ब्लॉक, फुटपाथवर पेव्हर ब्लॉक, देवळासमोर पेव्हर ब्लॉक. शेवटी पोरांना घेऊन महापालिकेच्या बागेत गेले, तर वॉचमननं लांबूनच शिट्टी मारली. मी माझी शिट्टी मारली. थोडा वेळ आमचा हा संवाद चालला. मग तो जवळ येऊन म्हणाला, "मॅडम, गवतावर पाय ठेवायचा न्हाई, आन तुमी तर घर बांधताय." त्याचंही बरोबरच होतं. आम्ही शाळेत परतलो आणि तंबू बॅडमिंटनच्या खांबांना बांधून सराव केला.

तांब्यानं आंघोळ हा विषय मी वर्गात शिकवला. टेबलावर बादली आणि तांब्या ठेवून, पाण्याशिवायच. "शॉवर कुठंय?" असं एकानं विचारल्यावर मी तांब्या डोक्यावर उपडा करून दाखवला. नेमक्या त्याच वेळी मुख्याध्यापिकाबाई दारातून गेल्या. 

या सगळ्या गोंधळात एकच माणूस मला देवासारखा वाटला, ते म्हणजे पथकातल्या वेदांतचे वडील देशमाने. चाकणच्या एका कंपनीत ते डिस्पॅच बघतात. गाड्यांचे सुटे भाग खोक्यांत भरून परदेशी पाठवायचे, हे त्यांचं काम. ते म्हणाले, "मॅडम, सामानाचं टेन्शनच नका घेऊ. तंबू, भांडी, शिधा, सगळं माझ्याकडे पाठवा. टेम्पोपण आमच्या ट्रान्सपोर्टरचा सांगतो. आमचा माल समुद्र ओलांडून जातो, ओरखडा उठत नाही त्याच्यावर."

मला तर रडूच यायचं बाकी होतं. सगळं त्यांच्या हवाली केलं आणि त्या रात्री पहिल्यांदा शांत झोपले.

चाकणचा चौक

निघालो त्या सकाळी आयांनी पोरांना असं कवटाळलं होतं, की पोरं सरहद्दीवर निघाली आहेत असंच बघणाऱ्याला वाटावं. बाळासाहेब बसच्या खिडकीशी उभे राहून शौर्यला हळूच सांगत होते, "काय बी झालं तर फोन कर. अर्ध्या रातीला येतो." मी बसच्या दारात होते, मला सगळं ऐकू येत होतं. म्हणून बस सुटल्यावर पहिलं काम केलं, सगळ्यांचे फोन गोळा करून माझ्या पिशवीत टाकले.

नाशिक फाटा, भोसरी, मोशी, आणि मग चाकण. चाकणच्या चौकातल्या ट्रॅफिकबद्दल मी लिहीत नाही, कारण ज्यांना ते माहीत आहे त्यांना पुन्हा त्रास कशाला, आणि ज्यांना माहीत नाही त्यांचा विश्वास बसणार नाही. पण अडकल्याचा एक फायदा झाला. पोरं खिडकीला नाक लावून आपापल्या वडिलांच्या कंपन्या दाखवायला लागली. "बाई, त्या निळ्या शेडमध्ये माझे पप्पा असतात. सेकंड शिफ्टला." दुसरा म्हणाला, "माझे पप्पा त्याच्या मागच्या शेडमध्ये, पण ते आता झोपले असतील." यातली बरीच पोरं वडिलांना जागेपणी रविवारीच भेटतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

देशमान्यांची कंपनी आली. गेटबाहेर ते कंपनीच्या ड्रेसवर, सेफ्टी शूज घालून उभे होते. आणि त्यांच्या मागे टेम्पोत आमचं सामान.

मी गोणी, ट्रंका, बोचकी असं काहीतरी बघायची अपेक्षा ठेवून होते. टेम्पोत एक ठोकळा होता. खाली फळ्या ठोकलेलं लाकडी पॅलेट, त्यावर पुठ्ठ्याची खोकी एकावर एक, कोपऱ्यांना कडक पुठ्ठ्याच्या कडा, सगळ्याला बाहेरून चकचकीत प्लॅस्टिकचा कागद गुंडाळलेला आणि त्यावरून उभ्याआडव्या हिरव्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या करकचून आवळलेल्या. वर बाणाचं चित्र, छत्रीचं चित्र आणि फुटक्या ग्लासाचं चित्र.

"फोर्कलिफ्टनं चढवलंय," देशमाने अभिमानानं म्हणाले. वेदांत खिडकीतून बघत होता, त्याची छाती फुगली होती. मी पण खुळ्यासारखी टाळ्या वाजवल्या. ते उतरवणार कोण आणि उघडणार कशानं, हे मात्र कुणालाच सुचलं नाही.

धरणाकाठी

राजगुरुनगर सोडून भीमाशंकरच्या वाटेला लागलं की हवा बदलते. डाव्या हाताला धरणाचं पाणी दिसत राहतं, मे महिन्यात बरंच आत गेलेलं, कडेला तडकलेली माती. वर डोंगरात हिरड्याची झाडं. गावाच्या अंगणांत हिरडे वाळत घातलेले, त्यांचा तुरट वास. पिंपरीत मी वासावरून फक्त कुठली कंपनी आली एवढंच सांगू शकते, इथे नाकाला जरा सुट्टी मिळाली.

शिबिराचं मैदान खरोखरच्या मातीचं होतं. पोरांनी ती आधी हात लावून बघितली.

ठोकळा टेम्पोतून उतरवायला ड्रायव्हर, शेजारच्या पथकाची मोठी मुलं आणि गावातले दोघे लागले. तो फळीवरून घसरत आला आणि मैदानाच्या मधोमध धप्पकन बसला. ड्रायव्हरला चाकणहून दुसरा माल उचलायचा होता, तो पाणीसुद्धा न पिता गेला. शिबीरप्रमुखांनी जाहीर केलं की पहिलं जेवण ज्या त्या पथकानं आपलं आपण रांधायचं. आमची पोरं ठोकळ्याभोवती उभी राहिली.

"कोयता कुठंय?" मी विचारलं.

"आत," वेदांत म्हणाला. "सगळ्यात खालच्या खोक्यात. धारदार वस्तू खाली, असं पप्पा म्हणतात."

"मग तुझे पप्पा हे उघडतात कशानं?"

"त्यांच्या खिशात कटर असतो." तो जरा थांबून म्हणाला, "नेहमी."

दातांनी ओढून झालं. दगडानं झालं, तर पट्टी सटकली आणि दगड माझ्या अंगठ्यावर पडला. नखांनी झालं, माझ्या केसातल्या पिनेनं झालं. शेवटी शेजारच्या पथकाच्या सरांकडे विळा मागायला गेले. चांगला बाकदार विळा त्यांनी माझ्या हातात दिलाही, आणि वर हसून म्हणाले, "बाई, तुमचंच ना ते पथक? गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी गेलेलं?"

मी विळा तसाच त्यांच्या हातात परत ठेवला. "नको. आमची पद्धत वेगळी आहे," म्हटलं आणि ताडताड परत आले. पद्धत कुठली, कपाळ माझं. पोरं दुपारी डबा खाल्ल्यापासून उपाशी होती आणि मी आपली अकड घेऊन उभी.

नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. देशमाने. "मॅडम, माल ओके पोचला? डॅमेज काही?"

सांगितलं असतं, तर तो सज्जन माणूस कटर घेऊन मोटरसायकलवर तासाभरात आला असता. आणि एक पालक आला की बाकीचे मागोमाग येतात, हे मी गेल्या वर्षी बघितलं होतं. सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. "एकदम घट्ट आहे," मी म्हटलं. त्यात खोटं काही नव्हतं.

फोन ठेवला तेव्हा शौर्य ठोकळ्यापाशी फतकल मारून बसला होता. बुटाची नाडी काढून ती पट्टीखालून ओवून तो त्याच त्याच्या चौरस गाठीचा सराव करत होता. भुकेला होता, चिडलेला होता, डोळे भरलेले होते. गाठ जमेना म्हणून तो नाडीची दोन्ही टोकं धरून रागारागानं पुढे-मागे ओढायला लागला. खस्स खस्स, खस्स खस्स. मी त्याला ओरडणार, तेवढ्यात फट्टकन आवाज झाला आणि पट्टी साप उडावा तशी उडाली.

"बाई, ही तापली आणि तुटली," तो म्हणाला. त्याला वाटलं आता मार बसणार.

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग आरोळी ठोकली, "काढा रे नाड्या." सगळ्या पोरांनी बूट काढले आणि जोडीजोडीनं पट्ट्या घासायला बसली. पट्ट्या तुटल्या, नाड्याही तुटल्या. शेजारचे सर विळा हातात घेऊन लांबून बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, पण ते बघतायत एवढं बघितलं.

आत काय निघालं म्हणता? प्रत्येक बटाटा वेगळा बबल रॅपमध्ये. तांदळाच्या पिशवीत ओल धरू नये म्हणून सिलिका जेलच्या डझनभर पुड्या, त्या वेचता वेचता माझे डोळे गेले. आणि तवा, पातेली, पळ्या, सगळ्याला गंज लागू नये म्हणून कंपनीतलं तेल चोपडलेलं. स्टीलच्या पातेल्यालासुद्धा. राखेनं घासा, मातीनं घासा, तो मशीनचा वास जाईना. त्या संध्याकाळच्या खिचडीला कारखान्यातल्या शॉप फ्लोअरची चव होती. पोरांनी पातेलं पुसून खाल्लं. एक म्हणाला, "पप्पांच्या ड्रेसचा वास येतोय," आणि आणखी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून आमचा संसार लागला. पॅलेटचा ओटा झाला, अंथरुणाखाली पुठ्ठ्याच्या गाद्या झाल्या. बबल रॅप फोडायला शेजारच्या पथकाची पोरं रांग लावायला लागली आणि बदल्यात आमच्यासाठी पाणी भरून द्यायला लागली. आमच्या बुटांना नाड्याच नव्हत्या, म्हणून पोरांनी त्याच हिरव्या पट्ट्यांचे तुकडे ओवून बूट बांधले.

मैदानाच्या कडेला हिराबाई नावाच्या आजी हिरडे वाळवत बसायच्या. चूल पेटवताना आमच्या पोरांची फजिती बघून त्यांनी मला विचारलं, "घरी चूल न्हाई व्हय बाई? एवढा पैका घालून फुकाया हितं आणली पोरं?" मी म्हटलं, "घरी बटण दाबलं की पेटतं." त्या म्हणाल्या, "मंग बटानच आनायचं की." रोज संध्याकाळी मात्र त्या ओंजळभर करवंदं आणि नाचणीची एक भाकरी आमच्या ओट्यावर ठेवून जायच्या. 

शौर्य रोज झोपताना रडायचा. मला माहीत होतं, कारण नाक ओढल्याचा आवाज तंबूतून बाहेर येतो.  रोज सकाळी तो उठून तंबूबाहेर आला की मला हायसं वाटायचं.

बांबूचं फाटक

घात केला तो शिबीरप्रमुखांच्या फोटोनं. झेंड्यासमोर आमची पोरं ताठ उभी आणि पायात हिरव्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. हा फोटो फिरत फिरत पालकांच्या ग्रुपवर गेला.

चौथ्या दिवशी दुपारी धुळीचा लोट उडवत पांढरी गाडी आली.  मी धावत फाटकाकडे निघाले. फाटक म्हणजे एक आडवा बांबू, आणि त्या वेळी पहाऱ्यावर होता शौर्य.

बाळासाहेब उतरले. पोराच्या पायांकडे बघून त्यांचं तोंडच उतरलं. "काय रं ही दशा. उघड त्यो बांबू. चल."

"पप्पा, भेटायची वेळ चार ते पाच आहे."

"आरं, मी हाय."

"हो. पण चार ते पाच."

त्यानं लाठी आडवी धरली होती.  बाळासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, सांगा की ह्याला."

"पहाऱ्यावर तो आहे," मी म्हटलं. "मी नाही." हे मी फार धीटपणे म्हटलं असं कृपया समजू नका. माझे गुडघे आमच्या खेळाच्या सरांच्या गुडघ्यांसारखे झाले होते.

बाळासाहेब गाडीत जाऊन बसले, एसी लावला. मग एसी बंद करून उतरले, हिराबाईंच्या शेजारी दगडावर बसले. आजींनी करवंदं पुढे केली, यांनी खाल्ली. शौर्य उन्हात उभा राहिला आणि बाप सावलीत बसून त्याच्याकडे बघत राहिला. चार वाजता शौर्यनं बांबू वर केला, लाठी पुढच्या मुलाच्या हातात दिली आणि मग धावत जाऊन बापाच्या पोटाला मिठी मारून ढसाढसा रडला.

"चल," बाळासाहेब म्हणाले.  "गाडीत बस, राजा."

मला मुख्याध्यापिकाबाई दिसायला लागल्या, रोबोट दिसायला लागले. पण रडणाऱ्या पोराला मी काय धरून ठेवणार? "न्यायचं असेल तर न्या," मी म्हटलं. "मी अडवणार नाही."

शौर्यनं स्कार्फला नाक पुसलं. "पप्पा, संध्याकाळची चूल माझ्याकडे आहे."

"मग?"

"मी गेलो तर भात कोण करणार? वेदांत करतो, पण त्याचा कच्चा राहतो."

 बाळासाहेब माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "घरी पान्याचा गिलास उचलत न्हाई ह्यो." मग त्यांनी डिकी उघडली. आत अख्ख्या पथकासाठी नवे बूट होते. झाडून सगळे वेल्क्रोचे.

"एवढे उपकार करताच आहात तर नाड्या आणून द्या," मी म्हटलं.

ते तसेच राजगुरुनगरला गेले आणि नाड्या घेऊन परत आले तोवर भेटायची वेळ टळून गेली होती. आता बांबूवर उभा असलेला मुलगा काही ऐकेना. बाळासाहेबांनी नाड्यांचं पुडकं बांबूवर टांगलं. शौर्य चुलीपाशी होता. त्यानं ताट वाढून फाटकाशी नेलं आणि बाळासाहेब बांबूच्या पलीकडे उभ्यानं जेवले. भाताला खाली लागल्याचा वास होता, आमटीत मीठ जास्त.

ताट चाटूनपुसून त्यांनी विचारलं, "आनखी हाय का?"

परत

आठवडा पुरा करून आम्ही सगळेच्या सगळे परतलो. शाळेच्या गेटवर देशमाने कटर खिशाला लावून उभे होते. "मॅडम, पॅकिंग कसं वाटलं?" त्यांनी विचारलं. मी शब्द शोधत होते, तेवढ्यात वेदांतनं सांगितलं, "पप्पा, पुढच्या वर्षी गोणी."

मुख्याध्यापिकाबाईंनी मुलं मोजली. पुन्हा मोजली. मग त्याच गोड आवाजात म्हणाल्या, "छान. स्काऊटचा तास राहू दे. रोबोटिक्स आपण तुमच्या मराठीच्या तासातून काढू." त्याबद्दल मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही.

पालक पटांगणात घुसले होते, आया पोरांची गालफडं चाचपत होत्या. गेट सताड उघडं होतं. तरीही बाळासाहेब बाहेरच उभे होते, गाडीला टेकून.

"बाई," त्यांनी तिथूनच विचारलं, "यिऊ का आत? वेळ झाली का?"

मी उत्तर देणार, त्याआधी सामानाच्या टेम्पोवरून शौर्य ओरडला. त्याच्या बुटांना पांढऱ्या नाड्या होत्या आणि दोन्हींवर चौरस गाठ होती. "पप्पा, अजून पाच मिनिटं. तंबू उतरवायचेत."

"बरं," बाळासाहेब म्हणाले आणि थांबले.